कपूरकाचरीचा वास

माझ्या वडिलांनी मला फसवलं. मी लहान असताना माझी आई कशाने गेली हे त्यांनी मला आयुष्यभर खोटं सांगितलं, आणि तो खोटा माल मी न तपासता माझ्या मुलीच्या डॉक्टरला खपवला. हे आधी लिहून टाकतो. पुढचं तुम्हाला पटो न पटो.

लालबागला मसाल्याच्या गल्लीत माझं दुकान आहे. गोणी उचलण्यापासून सुरुवात केली, कोणाच्या बापाच्या जिवावर नाही. मिरचीवर पाणी मारलंय का, धण्यात जुना माल मिसळलाय का, हे मी गोणीजवळ उभा राहून सांगतो. नाकावर धंदा आहे माझा. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवर लोकांनी टाकलेल्या भुताच्या काही अनुभवांखाली मी "डोळे तपासून घ्या" असं लिहिलेलं आहे. ते वाचून ज्यांना राग आला असेल त्यांनी आज खुशाल हसून घ्यावं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. ऐन मसाल्याचा सीझन. आम्ही परळला राहतो. मुलगी प्राची लग्न होऊन वडाळ्याला असते, रविवारी जेवायला येते. अशाच एका रविवारी ती सोफ्यावरून उठून हात धुवायला गेली, आणि माझी बायको सुनंदा तिथे बसता बसता थबकली.

"अहो, दुकानातून उटणं आणलंत का?"

"एप्रिलात उटणं? दिवाळी झाली की तो माल मी ठेवतच नाही."

"मग हा वास कसला? अभ्यंगस्नानाचा येतोय बघा."

मी नाक भरून श्वास घेतला. कोलंबीचं कालवण... बस्स. दुसरं काही नाही.

प्राची बाहेर आली. "आई, मी नुसती आंघोळ करून आलेय. नरकासुर मारून नाही."

हसलो, जेवलो, विषय संपला. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. प्राची आली की सुनंदाला वास यायचा. प्राची गेली तरी ती बसलेल्या खुर्चीला थोडा वेळ राहायचा. प्राचीला स्वतःला येत नव्हता, जावयाला नाही, आणि मला तर अजिबात नाही. माझ्याच घरात, माझ्यासमोर, कोणीतरी वासाची बढाई मारतंय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"ठीक आहे. होऊन जाऊ दे," म्हटलं.

काष्ठौषधीच्या दुकानातून उटण्यात पडणारं सगळं आणलं - वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, असं बरंच. एकेक वेगळं कुटलं आणि सारख्याच फडक्याच्या पुरचुंड्या बांधल्या. आता ही सुनंदा कोण? जी इतकी वर्षं मसालेवाल्याचा संसार करून अजून जिऱ्यात आणि शहाजिऱ्यात गोंधळते! मी पुरचुंड्या तिच्या नाकाशी धरत गेलो. हा नाही. हाही नाही. मग एकीपाशी ती थांबली.

"हा. पण हा कोरडा आहे. तिचा ओलसर येतो... अंगाला लागून राहिल्यासारखा."

ती कपूरकाचरी होती. वाळवलेली मुळी, जुन्या बायका कपड्यांत ठेवायच्या. मी क्रम बदलला. तिला पाठ करून उभं केलं. मुद्दाम दोन पुरचुंड्या एकत्र धरल्या. दर वेळी तिने तीच ओळखली. मी सगळं उचलून कचऱ्यात टाकलं आणि वर तिच्याशीच भांडलो. "नशिबाने जमलं" म्हणून.

त्याच सुमारास प्राची आणि जावई मुलाचा विचार करत होते, म्हणून ती परळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे तपासायला गेली. जावई बाहेरगावी, म्हणून आम्ही दोघं सोबत. गाडी माझी, म्हणून मीही आत जाऊन बसलो. बसायला नको होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर?"

सुनंदा म्हणाली, "माझ्या माहेरी कोणाला नाही."

"आणि वडिलांकडे?"

"माझी आई काविळीने गेली," मी म्हणालो. "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"तरी एक तपासणी करून घेऊ. एवढ्या वर्षांत एकदाही झालेली नाही."

इथे माझी सवय आडवी आली. समोरचा काही वाढवून सांगतोय म्हटलं की मला ते खाली आणल्याशिवाय चैन पडत नाही. "एका कामाला आलो की तुम्ही लोक चार टेस्टा गळ्यात मारता," असं म्हणालो. आणखीही बोललो. प्राचीचा चेहरा लाल झाला. "डॉक्टर, मी नंतर येते," म्हणून ती उठलीच. मी जिंकल्यासारखा बाहेर पडलो.

प्राचीला वडाळ्याला सोडायला निघालो. मायलेकी मागच्या सीटवर. माटुंग्याला सिग्नलवर मी आरशात पाहिलं, तर सुनंदा एका दाराला चिकटलेली, प्राची दुसऱ्या दाराला चिकटलेली, आणि मध्ये एका माणसाची जागा मोकळी.

"भांडलात की काय?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. प्राची म्हणाली, "मी कधी सरकले?" सुनंदाने पदर नाकाला लावला. "गाडी थांबवा," म्हणाली, आणि उतरून फुटपाथवर बसली. तिला उलटी झाली. "अहो, कंबरेला बांधलेली पुरचुंडी आहे ती... आणि खालून दुसरा वास येतोय. आजाऱ्याचा."

मी भर रस्त्यात तिच्यावर ओरडलो. प्राचीला सोडलं, सुनंदाला घरी उतरवलं आणि सरळ अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणजे माझे वडील. नव्वदीला टेकले तरी लालबागची जुनी खोली सोडत नाहीत. सून कशी येडी झालीये हे त्यांना सांगून जरा हसावं म्हणून गेलो होतो. ते सुपारी कातरत होते. कपूरकाचरी म्हटलं आणि अडकित्ता थांबला.

"सुनंदाक कोणी सांगितला?"

"काय सांगितलं?"

मग ते बोलले. आईला कावीळ कधीच झाली नव्हती. अंगावरून जायचं, वास यायचा. चाळीत कोणाला कळू नये म्हणून ती परकराच्या नाडीला कपूरकाचरीची पुरचुंडी बांधायची. बायका म्हणायच्या, हिला सुगंधाची हौस. ज्या कॅन्सरबद्दल डॉक्टरांनी मला विचारलं होतं, नेमका तोच.

"मग मला इतकी वर्षं कावीळ कशाला सांगितलीत?" मी इतका ओरडलो की शेजारचं दार उघडलं.

"तुझ्या आवशीन माका शपथ घातल्यान," अण्णा रडायला लागले. "पोरांक कळाक नको म्हणान."

दुसऱ्याच दिवशी प्राचीला घेऊन गेलो. डॉक्टरांची माफी मागितली. मला ते जमत नाही, पण मागितली. तपासणीत पेशी बदललेल्या सापडल्या. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेल्या होत्या. तेवढा भाग काढून टाकला. प्राची आज बरी आहे, ठरल्याप्रमाणे तपासणीला जाते.

डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. हा आजार मुख्यतः एका विषाणूमुळे होतो. तो पुष्कळ जणींना होतो आणि बहुतेकींचं शरीर त्याला हाकलून लावतं. काहींच्या शरीराचा पहारा जन्मतः जरा ढिला असतो, आणि ते रक्ताच्या नात्यातून येऊ शकतं. आईकडून येतं तसं वडिलांकडूनही.

"म्हणजे माझ्याकडून?"

"असेल, नसेलही. एका आजीवरून ते ठरत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. पण आजीचं माहीत असतं, तर त्या दिवशी मी प्राचीला तशी जाऊ दिली नसती."

दोष नाही म्हणाल्या खऱ्या. पण आईचं काहीतरी माझ्या अंगात इतकी वर्षं निमूट बसलं असेल, मला धक्का न लावता माझ्या लेकीपर्यंत गेलं असेल, आणि तिथे ते सापडायची वेळ आली तेव्हा मी घासाघीस करत होतो... हे मनातून जात नाही. सुनंदाला आता वास येत नाही. तो कुठून येत होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी खाली लिहा, मी या वेळी हसणार नाही.

अण्णांशी माझं भांडण संपलं. उरलंय ते दुसरीकडे. आई, सगळ्यांसमोर विचारतोय. लपवायची शपथ तूच घातलीस, आणि शेवटी सांगायला आलीस तीही तूच. आलीस ते बरंच केलंस. पण ज्या सुनेने तुला कधी पाहिलंही नाही तिच्याकडे का गेलीस? तुझा मुलगा त्याच खोलीत, त्याच गाडीत होता. एकदाही माझ्याकडे का आली नाहीस? उत्तर दे.