तुरटीला जीव आहे का?

सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीने तुरटीचा स्फटिक वाढवला. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घातली, पाणी निवल्यावर दोऱ्याला बारीक खडा बांधून बरणीत सोडला आणि रोज पट्टीने मोजून वहीत लिहिलं. बारा दिवसांत खडा बोराएवढा झाला. त्याचा तुकडा तिने तशाच दुसऱ्या बरणीत टाकला, तर तोही वाढायला लागला.

"मॅडम, हे वाढून राहिलं, याचं पिल्लूबी वाढून राहिलं," ती म्हणाली. "मग हे जितं काहून न्हाई?"

सजीव वाढतात, सजीवांना पिल्लं होतात, हे मीच फळ्यावर लिहून पाठ करून घेतलं होतं. मी तिला म्हटलं, हाच प्रश्न घेऊन आपण तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाऊ.

तिथल्या परीक्षकांनी प्रश्न वाचला आणि हसून शेजारच्यांना बोलावलं. याला दूध पाजतेस का, बारसं केलंस का, असं विचारू लागले. भोवतालचे शिक्षकही हसले. तिने पुढे केलेली वही कोणी हातातसुद्धा घेतली नाही. पुढच्या टेबलावर विकत आणलेला ज्वालामुखी होता, सगळे तिकडे वळले.

माझं डोकं सणकलं. मी आडवी जाऊन उभी राहिले. "सर, तुरटी निर्जीव का, तेवढं तिला सांगून जा."

एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं, असं ते म्हणाले.

"मग तुम्हाला सांगायला काय हरकत आहे?"

ते पुस्तकात बघा म्हणाले आणि जाता जाता तुमच्यासारख्या बायका लेकरं बिघडवतात, हेही सुनावून गेले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी माफीनामा मागितला. मी दिला नाही. पुढच्या वर्षी प्रदर्शनाचं काम माझ्याकडून काढून घेतलं.

पण त्या दिवशी प्रदर्शनातून परतताना जीपमध्ये मला स्वतःचाच राग आला होता. मी तिला समजावत होते की तुरटीवर बाहेरून कण येऊन चिकटतात, सजीव आतून वाढतो, खातो, श्वास घेतो. ती ऐकून घेत होती.

"सोयाबीनचं बी वर्षभर पोत्यात पडून असतं," ती म्हणाली. "तवा ते श्वास घेतं का?"

घेतं, अगदी हळू, मी म्हटलं.

"तुमी पाहिलं का?"

मी पाहिलं नव्हतं. अठरा वर्षं शिकवत होते आणि एकदाही पाहावंसं वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही भिजवलेलं सोयाबीन एका बाटलीत आणि तुरटी दुसऱ्या बाटलीत ठेवली, दोन्हींत एकेका छोट्या नळीत चुन्याची निवळी, जी श्वासातल्या वायूने पांढरी होते. सोयाबीनजवळची निवळी दुधासारखी झाली, तुरटीजवळची तशीच राहिली. तिसऱ्या बाटलीतल्या कोरड्या बियांजवळ मात्र आम्हाला काही दिसलं नाही. ते अजून ठरलं नाही, असं ती ठामपणे म्हणाली, आणि मी तिला बरोबर म्हटलं.

आता ती हिंगोलीच्या मोठ्या शाळेत जाते. परवा तिच्या घरी गेले तर आईने कौतुकाने प्रगतिपुस्तक दाखवलं. शेरा होता, शांत मुलगी, वर्गात प्रश्न विचारत नाही. ती दारात उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी प्रगतिपुस्तक मिटून आईच्या हातात दिलं.