पंपावरचं ओलं फडकं

आज जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि तापलेल्या पेट्रोलच्या वासानं तीस वर्षांपूर्वीची ती दुपार पुन्हा समोर आली.

आजारी आईला घेऊन आम्ही निरवांगीहून बारामतीच्या दवाखान्यात निघालो होतो. माझ्या मांडीवर तिचं डोकं चुलीसारखं भाजत होतं. भर उन्हात गाडी बंद पडली. इंजिनाजवळचा पेट्रोलचा पंप तापला की ती अशीच अडायची. पंपावर ओलं फडकं टाकलं की चालू व्हायची. आसपास ना विहीर, ना वस्ती. पाणी होतं ते फक्त आईसाठी घेतलेल्या तांब्यात.

"पाणी दे गं," आई पुटपुटली. मी तांब्या उचलला, तोच वडिलांनी तो हिसकावला.

"आबा, एक घोट तरी!"

"न्हाय! गाडी निघाली न्हाय तर हितंच जाईल ती."

सगळं पाणी त्यांनी फडक्यावर ओतलं. गाडी चालू झाली. आई बारामतीच्या अलीकडेच गेली.

आबांनी ती गाडी शेवटपर्यंत विकली नाही, आणि मलाही ती विकवत नाही. आज चावी फिरवली तर पहिल्याच झटक्याला चालू झाली. त्या दिवशीही झाली असती, फडक्यावर एक घोट कमी पडला असता तरी.