सगळ्यांत शेवटी उतरणारा

सुधीर गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, मी ते वाचलं. रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर फिरत आला : 'धबधब्यावर गाइडचा निष्काळजीपणा, पर्यटक थोडक्यात बचावले, गाइडचा मृत्यू.' खाली कुणी हात जोडले होते आणि त्याखाली उद्या पाणी उशिरा येणार असल्याची सूचना होती. फोटोत खडकावर पडलेली पिवळी टोपी. ती मीच त्याला घेऊन दिली होती, मेन रोडवर घासाघीस करून. माझा मावसभाऊ, माझ्याच वयाचा... आणि त्याच्या मरणाची बातमी 'निष्काळजीपणा' या शब्दाला चिकटून माझ्या हातात आली. मी फोन उपडा ठेवला आणि नलूवहिनीकडे, त्याच्या बायकोकडे, निघाले.

निष्काळजी म्हणे! अहो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा 'मागे कुणी राहिलंय का' बघून मग पानावर बसणारा माणूस तो. देवळाली कॅम्पला एका शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना डोंगरात न्यायचा. पुढे गावातला कुणी वाटाड्या, आणि सगळ्यांच्या मागे हा, गळ्यात पितळी शिट्टी अडकवून. एक लांब शिट्टी म्हणजे परत फिरा, मग राजा असो वा रंक. पायथ्याशी काशीबाईंचं घर होतं, तिथे उतरल्यावर सगळ्यांना कोरा चहा. पण शेवटचा माणूस खाली आल्याशिवाय हा चहाला तोंड लावत नसे. काशीबाई त्याच्या ग्लासावर बशी झाकून ठेवायच्या. "दादा, लय निवला चहा, घ्या ना आता," त्या म्हणायच्या. "असू द्या, दोघं अजून वर आहेत." मी चिडवायचे, "सुध्या, जन्मात एकदा तरी गरम चहा पी रे!" त्यावर तो फक्त हसायचा आणि वाटेकडे बघत बसायचा.

त्या धबधब्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी तुम्ही गाड्या काढाल. पेठ तालुक्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे. तिथे वर एक सपाट खडक आहे, त्यावर सुधीर लोकांना उभं करायचा आणि सांगायचा, "पलीकडे पडलेलं पाणी गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं, अलीकडे पडलेलं अरबी समुद्राला." पूर्वी लोक हे ऐकून दोन्हीकडे बघत राहायचे, तेरड्याच्या फुलांत बसून भाकरी खायचे. अलीकडे विचारायचे, "इथून समुद्र दिसतो का? मग फोटो कुठे काढायचा?" मी त्याला म्हणायचे, बंद कर ही हमाली. तर म्हणायचा, "अगं, मी नाही नेलं तरी ते येणारच. मग मागे कोण राहील?" मला राग यायचा. तो अजूनही येतो.

त्या दिवशी काय झालं ते बरोबरच्या मंडळींनी नंतर सांगितलं. बाहेरगावचं एक जोडपं सुधीरने हद्द म्हणून बांधलेल्या दोरीपलीकडच्या खडकावर व्हिडिओ काढायला गेलं. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला असावा, पाणी गढूळ झालं आणि चढू लागलं. ती दोघं येईनात, म्हणून हा गेला. त्यांना दोरीपर्यंत ढकललं आणि स्वतःचा पाय निसटला. ती दोघं चौकशी करणाऱ्यांना काय म्हणाली? "आम्हाला कुणी थांबवलंच नाही. शिट्टीबिट्टी काही वाजली नाही." बाकीचे तोवर पुढे उतरले होते, पाण्याच्या आवाजात त्यांनाही नक्की सांगता येईना. झालं, तेच सगळीकडे छापून आलं. नलूवहिनीला न भेटताच ती दोघं आपल्या गावी गेली. एक फोनसुद्धा नाही, कशाला करतील म्हणा!

दहाव्याला रामकुंडावर एक काका माझ्या कानाशी पुटपुटले, "हौस नडली गं त्याला." नलूवहिनीने ते ऐकलं. घरी आल्यावर म्हणाली, "ताई, माणूस गेला तो गेला. पण चुकून गेला, असं नको राहायला. त्यांनी शिट्टी वाजवली नाही असं होईल का हो?" नाही होणार, मी म्हटलं. पण माझ्या म्हणण्याला कोण विचारतो?

मग काही आठवड्यांनी ती फोन घेऊन माझ्याकडे आली. त्या दोघांनी तो व्हिडिओ टाकला होता. हो, टाकला होता! वर कसलंसं गाणं, खाली 'स्वर्ग' असा शब्द आणि बदामांची रांग. बाई हात पसरून उभी... आणि गाण्याच्या खालून शिट्टी ऐकू येते. लांब. पुन्हा लांब. बाई त्या दिशेला मान वळवते, हसते, 'थांबा जरा' असा हात करते आणि परत कॅमेऱ्याकडे बघते. वहिनी म्हणाली, "बघितलंत? ऐकलं होतं त्यांनी." तिचे डोळे कोरडे होते, माझेच वाहत होते. खाली लोक विचारत होते, लोकेशन कुठलं? मी तिथे लिहिलं, 'ही शिट्टी माझ्या भावाची आहे. तुम्हाला परत बोलवत होता.' सकाळी व्हिडिओ गायब. पण वहिनीने तो आधीच उतरवून घेतला होता. मी तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पुन्हा हात जोडले गेले, आणि त्याखाली कुणी पार्किंगची तक्रार टाकली. 'आमचं चुकलं' असं कुणी लिहिलं नाही. नलूवहिनीला तेवढे दोन शब्दच हवे होते.

परवा आम्ही दोघी काशीबाईंकडे गेलो. वाट आता बंद केली आहे, आडवा पत्रा ठोकलाय. काशीबाईंनी व्हिडिओ पाहिला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "दादा काय वाजवल्याबिगर राहायचा नाय." मग आत जाऊन कोरा चहा घेऊन आल्या. आम्ही दोघी, त्या तिसऱ्या, आणि ग्लास मात्र चार. चौथ्यावर बशी झाकलेली होती. ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, तशा त्या ओशाळून तो उचलायला वाकल्या. वहिनीने त्यांचा हात धरला आणि बशी स्वतः काढली.

"अहो, सगळे उतरले," ती ग्लासाकडे बघत म्हणाली, "तेवढे तुम्हीच राहिलात."