पराभवाचा बडग्या

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धं शहर रस्त्यावर उतरतं ते कोणाला तरी हाकलून द्यायला. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा कागदा-कापडाचा पुतळा करायचा, त्याला बडग्या म्हणायचं, मारबतीच्या, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत गावभर नाचवायचा आणि शेवटी पेटवून द्यायचा. डासांचा बडग्या होतो, खड्ड्यांचा होतो. महागाईचा तर दरवर्षी होतो आणि ती बया दरवर्षी निर्लज्जासारखी परत येते. पुढचा एकजण त्या पीडेचं नाव घेतो आणि मागचा जमाव एका सुरात ओरडतो, "घेऊन जा गे मारबत!"

आपल्या मोहल्ल्याचा बडग्या नत्थूजीच करायचे. इतवारीत त्यांचं बांबूचं दुकान होतं. शिड्या, टोपल्या, सुपं, लग्नाच्या मांडवाचा सांगाडा, काय म्हणाल ते. पण दुकानात बसलेले नत्थूजी वेगळे आणि बडग्या करायला बसलेले नत्थूजी वेगळे. एरवी गिऱ्हाइकाशी धड न बोलणारा हा माणूस श्रावण सरत आला की कामट्या वाकवता वाकवता स्वतःशी हसायचा. त्यांच्या बडग्याचं पोट सुटलेलं असायचं, जीभ बाहेर लोंबायची, आणि तो कोणाचा आहे हे पाटी न वाचताही लहान पोरसुद्धा सांगायचं. लोक गंमत म्हणून बडग्या पाहायचे. नत्थूजींना मात्र त्यात गंमत वाटत नसे. पीडा त्या पुतळ्यात शिरते आणि त्याच्यासोबत जळून जाते, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. एकदा भागीरथेचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, ताप हटेना, तेव्हा त्यांनी तिचं जुनं लुगडं बडग्याच्या कमरेला गुंडाळलं होतं. ताप उतरला. डॉक्टरचं औषधही चालू होतं, पण ते नत्थूजींनी कधी हिशेबात धरलं नाही.

त्यांचा मुलगा धर्मेंद्र कबड्डी खेळायचा. मोहल्ल्याच्या मातीत गुडघे फोडून घेत तो शिकला. गावोगावचे सामने असले की नत्थूजी दुकानाला कुलूप घालून त्याला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे, कधी कामठी, कधी पार पारशिवनी. बक्षिसात कधी कुकर मिळायचा, कधी भिंतीवरचं घड्याळ. एके काळी त्या दोन खोल्यांच्या घरात चार घड्याळं होती आणि चारही वेगळी वेळ दाखवायची. मोठ्या लीगमध्ये मात्र धर्मेंद्रचा नंबर उशिरा लागला. तिशी उलटून गेल्यावर, एक गुडघा कुरकुरायला लागल्यावर, 'नागपूर झुंजार' नावाच्या टीमनं त्याला घेतलं. नत्थूजींनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पिवळ्या जर्सीतला धर्मेंद्र टीव्हीवर दिसला तेव्हा भागीरथेनं पदरानं टीव्हीची काच पुसली.

आणि मग झुंजार हरायला लागले. पहिला सामना हरले तेव्हा लोक म्हणाले, नवी टीम आहे. पुढचा हरले तेव्हा म्हणाले, नशीब नाही. त्यानंतर लोकांनी म्हणायचं सोडून दिलं आणि हसायला सुरुवात केली. कधी पंधरा गुणांनी हरायचे, कधी एका गुणानं. पण हरण्यात कसूर करायचे नाहीत. आपण बसून सामना पाहिला तर टीम हरते म्हणून नत्थूजी दाराआड उभं राहून पाहायला लागले. उभं राहूनही हरली. मग ते सामना चालू असताना गल्लीत येरझारा घालायचे आणि आतून भागीरथा काही बोलली नाही की समजून जायचे.

प्रत्येक सामन्यानंतर धर्मेंद्रचा फोन यायचा. कोच बोलत नाही, मालक चेहरा पाहत नाही, मोबाइल उघडावा तर अनोळखी माणसं आईवरून शिव्या देतात. अशात एक बाप तेवढा आपल्या बाजूचा, या एका गोष्टीवर तो पोरगा तग धरून होता. नत्थूजींनाही हे पक्कं ठाऊक होतं. फोनवर ते कधी खेळाचा शब्द काढत नसत. "हार-जीत चालतच राहते गा," म्हणायचे, "तू आपला गुडघा सांभाळ."

पण तो गुडघाच दगा देऊन गेला. घरच्या मैदानावर, शेवटची चढाई. धर्मेंद्रनं समोरच्या गड्याला हात लावला, वळला, आता फक्त मधली रेघ गाठायची होती. ती गाठली असती तर झुंजार जिंकले असते, त्या मोसमात पहिल्यांदा. सारं स्टेडियम उभं राहिलं. आणि रेघ हातभर राहिली असताना त्याचा गुडघा वाकला नि तो पोत्यासारखा खाली बसला. बाकीचे त्याच्या अंगावर कोसळले. तो हात लांबवत राहिला, लांबवत राहिला, आणि शिट्टी वाजली.

त्या हात लांबवण्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळ्या नागपूरच्या मोबाइलवर होता. कोणी त्यावर गाणं टाकलं, कोणी रडणाऱ्या बाळाचा आवाज. त्याआधी टीम हरत होती. त्या दिवसापासून धर्मेंद्रच टीमला हरवतो असं ठरलं. फोनवर नत्थूजी नेहमीसारखंच बोलले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी ताट बाजूला सारलं.

"हातभर राहिलं होतं वं," ते भागीरथेला म्हणाले. "हातभर! लहानपणी मातीत लोळून रेघ पकडत होता. आता काहून नाही लोळला?"

"पोराचा गुडघा सुजला आहे, अन् तुम्ही रेघ मोजून राहिले," भागीरथा म्हणाली. नत्थूजींचा संताप मात्र काही गेला नाही. आपल्याच पोराचा राग येतो याची त्यांना लाज वाटली, आणि लाजेनं तो राग आणखी आत जाऊन बसला.

पोळा तोंडावर आला तसा मोहल्ल्याच्या मंडळाचा पिंटू दुकानात आला. उगाच एक टोपली उचलून पाहिली, खाली ठेवली.

"काकाजी, एक बोलू? राग नका मानू. औंदा पोट्ट्यायचं म्हणणं आहे, झुंजारचा बडग्या करू."

"टीमचा का धर्मेंद्रचा?" नत्थूजींनी सरळ विचारलं.

"टीमचाच ना काकाजी! धर्मेंद्रभाऊ आपला माणूस आहे." पिंटूला खोटं बोलताना कान खाजवायची सवय होती. त्यानं कान खाजवला.

दुसरा कोणी असता तर त्यानं पिंटूला शिडीच्या दांड्यानं गल्लीबाहेर काढलं असतं. नत्थूजी तसा विचार करणाऱ्यांतले नव्हते. आपण नाही म्हटलं तर पोरं दुसऱ्याकडून करून घेतील, आणि ती धर्मेंद्रचंच सोंग काढतील, हे त्यांना दिसत होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना एक वाट सापडली होती. पोराच्या मागं पीडा लागली आहे. तिला बडग्यात घालून जाळली तर ती जाईल. अजून एक सामना बाकी होता, तोही नागपुरातच. तो एक जरी जिंकला, तरी पोरगा मान वर करून घरी येईल. देवाशप्पथ सांगायचं तर या माणसानं तो बडग्या मायेपोटीच करायला घेतला.

त्यांनी पराभवाचा बडग्या केला. तोंडाच्या जागी नुसता काळा गोळा ठेवला, नाक नाही, डोळे नाहीत, कोणाशी साम्य नको. छातीवर 'पराभव' अशी पाटी. सांगाडा झाल्यावर ते आत गेले आणि ट्रंकेतून धर्मेंद्रनं घरी ठेवायला दिलेली, पहिल्या सामन्यातली पिवळी जर्सी घेऊन आले.

भागीरथा दारात आडवी उभी राहिली. "अजी, पोराच्या अंगचा कपडा जाळता का तुम्ही?"

"अंगचा असन तवाच पीडा निघते. तुयं लुगडं नव्हतं जाळलं?"

"मी घरात होती. माया नावानं गाव ओरडत नव्हतं."

"जर्सी उलटी घालतो ना. नाव आत, नंबर आत. कोणाले काय समजते?"

शेवटी तिनं वाट सोडली. जर्सी उलटी करून त्यांनी बडग्याला घातली आणि आत भाताचं तणस इतकं ठासून भरलं की शिवण ताणली गेली.

मिरवणुकीच्या दिवशी बडग्याची दोरी धरून नत्थूजी सगळ्यांच्या पुढं चालत होते. ती त्यांची ठरलेली जागा. बडग्या मागं, त्याच्याकडे पाठ. ढोल-ताशे असे की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. बुधवारी बाजाराच्या गर्दीत रेटारेटी झाली, मिरवणूक अडली, आणि त्या वेळात मागं पिंटूच्या पोरांनी आपला कार्यक्रम उरकून घेतला. जर्सी काढली, सुलटी केली, पुन्हा चढवली, सांडलेलं तणस आत कोंबलं. पाठीवर ठसठशीत अक्षरांत 'धर्मेंद्र' आणि खाली नंबर. बडग्याचा एक हात ओढून पुढं लांबवला, व्हिडिओत होता अगदी तसा. गच्चीवरून बघणाऱ्या बाया हसून लोटपोट झाल्या. मागं हशा कसला उसळला ते नत्थूजींना कळलं नाही. आपला बडग्या लोकांना आवडला, एवढंच त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पिंटूनं कर्ण्यावर आरोळ्या सुरू केल्या.

"डेंगूले!"

"घेऊन जा गे मारबत!"

"महागाईले!"

"घेऊन जा गे मारबत!"

नत्थूजींचा आवाज पहाडी. लहानपणापासून या आरोळीला उत्तर देत आलेला. मान मागं टाकून, डोळे मिटून, पोटातून ओरडायचे ते.

"धर्मेंद्रले!"

"घेऊन जा गे मारबत!"

ओरडून झाल्यावर त्यांना नाव ऐकू आलं. ते वळले. बडग्याची पाठ त्यांना दिसली नाही, पण तो लांबवलेला हात दिसला. दोरी सोडून ते मागं धावले तर गर्दीनं त्यांना पुन्हा पुढं ढकललं. "थांबा बे! थांबा!" ते ओरडत होते, आणि ढोलाच्या दणक्यात तेही लोकांना आरोळीसारखंच वाटत होतं. नाल्याकाठच्या मोकळ्या मैदानात ते पोचले तेव्हा बडग्या पेटला होता. तणस ठासून भरलं होतं, त्यामुळे बराच वेळ जळत राहिला.

ते घरी पोचायच्या आतच भागीरथेला सगळं कळलं होतं. शेजारची प्रीती मोबाइलवर मिरवणुकीचा व्हिडिओ दाखवून गेली होती. त्या दिवशी धर्मेंद्रचा फोन आला तो आईच्या मोबाइलवर. भागीरथा दार लोटून बोलली, आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "सांगितलं मी त्याले, तुम्ही कायले केला थे. समजलं म्हणे."

शेवटच्या सामन्याला नत्थूजी एकटेच गेले. मानकापूरचं स्टेडियम अर्धं रिकामं होतं. हरणाऱ्यांना पाहायला पैसे कोण घालवतो? जे आले होते ते मजा करायला आले होते, आणि पहिल्या दहा मिनिटांतच कोपऱ्यातून ती आरोळी सुरू झाली. "धर्मेंद्रले!" कोच त्याला बसवूनच ठेवत होता. सामना हातातून पुरता गेल्यावर, शेवटी शेवटी, त्याला उतरवलं. धर्मेंद्र गुडघ्याला पट्टी बांधून गेला, समोरच्या कोपऱ्यातल्या गड्याला टिपला आणि रेघ ओलांडून परत आला. सुरेख चढाई होती. एका गुणानं काही फरक पडत नव्हता, त्यामुळे कोणी टाळी वाजवली नाही. नत्थूजी उभे राहून वाजवत राहिले. धर्मेंद्रनं तिकडं पाहिलं नाही. झुंजार हरले आणि मोसम संपला.

मागच्या दारी खेळाडूंची बस उभी होती. एकेक खेळाडू खाली मान घालून चढत होता. धर्मेंद्र लंगडत आला, बापाला पाहून थांबला.

"चढाई मस्त झाली गा," नत्थूजी म्हणाले.

"हाव."

"थो बडग्या... तुया मांगची पीडा जावी म्हणून केला होता मी. म्या तर जर्सी उलटी घातली होती. पिंट्यानं..."

"मालूम आहे बाबा. मायनं सांगितलं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर नत्थूजींना सोपं गेलं असतं. "पोट्ट्यायचं मले काही नाही. थे तं पूर्ण सीझनभर बोंबलूनच राहिले. मिरवणुकीचा व्हिडिओ पाहिला मी. दोनदा पाहिला. पहिल्यांदा वाटलं, भास झाला."

ड्रायव्हरनं बस चालू केली.

"गर्दीत तुम्ही तं दिसत बी नाही नीट," धर्मेंद्र म्हणाला. "पण तुमचा आवाज सगळ्यायच्या वर येऊन राहिला होता, बाबा."

नत्थूजींनी तोंड उघडलं. सवयीनं निघालं रे बाप्पा, नाव मागाहून ऐकलं, एवढंच सांगायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्यांना आणखी एक आठवलं, जे त्यांनी भागीरथेलाही सांगितलं नव्हतं. ओरडून झालं आणि ते वळले, त्याच्या मधल्या क्षणात, नाव कळल्यावरसुद्धा, त्यांची छाती हलकी झाली होती. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा. मोसमभर गिळलेलं सगळं त्या एका आरोळीत निघून गेलं होतं. आता पोरगा समोर उभा होता, बापानं एक शब्द बोलावा म्हणून त्याच्या तोंडाकडे पाहत होता, आणि नत्थूजींना तो शब्द जिभेवर आणता येईना.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. धर्मेंद्रनं आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून तो वाकला, बापाच्या पाया पडला आणि बसमध्ये जाऊन बसला.