सुशीलाताईच्या गुडघ्याची गोळी

फोन आला तेव्हा दुपारची गिऱ्हाइकं ओसरली होती. भाची वैशाली एवढंच म्हणाली, "मामा, आई गेली." मी दुकानाचं शटर ओढलं आणि धंतोलीला निघालो. रडू आलं नाही. दीड वर्ष डायलिसिसच्या फेऱ्या करून आम्ही सगळेच थकलो होतो, ताई सगळ्यांत जास्त. आता सहा आठवडे झाले... तो थकवा अजून अंगातून उतरलेला नाही.

सुशीलाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भाऊजी गेल्यावर तिनं धंतोलीत, दवाखान्यांच्या वस्तीत, खानावळ काढली. गावोगावहून पेशंट घेऊन आलेली माणसं तिच्याकडे जेवायची. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला आज नुसतं वरणाचं पाणी चालेल, हे तिला पाठ असायचं. पहाटेपासून ओट्यापाशी उभी. गुडघे गेले ते तिथेच. माझं नंदनवन भागात औषधांचं दुकान आहे. मी तिला आधी पॅरासिटामॉल दिली. आठवड्यानं तिनं कळवलं की तापाला ठीक आहे, गुडघ्याला काही समजत नाही. मग मी सूज उतरवणारी, जोराची गोळी दिली. दोन दिवसांनी ती फोनवर हसत होती. कित्येक महिन्यांनी जिना न थांबता चढली होती. पोटात काही असल्याशिवाय घेऊ नका, चार-पाच दिवसांच्या वर नको, रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी अनोळखी माणसालाही सांगायचो. तिला मात्र घाईत, अर्धंमुर्धं सांगितलं. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या तर माझ्याच दुकानातून जायच्या. दोन्ही मीच एकाच पाकिटात घालून दिल्या.

पुढे स्ट्रिपा लवकर संपू लागल्या, तेव्हा मी ऑपरेशनचा विषय काढला. तीन महिने खानावळ बंद ठेवली तर ही माणसं जेवतील कुठे, असं म्हणून तिनं तो मिटवला. मी त्या दुखण्याच्या गोळ्या देणं बंद केलं. ती मागेनाशी झाली, म्हणून निश्चिंत झालो. ती दुसऱ्या दुकानातून घेत होती... हे कळलं ते पाय सुजले आणि डॉक्टरांनी किडनीचा रिपोर्ट समोर ठेवला तेव्हा. त्यांनी विचारल्यावर तिनं काही लपवलं नाही. रोज दोन गोळ्या, अशी चार वर्षं. डॉक्टर म्हणाले, बिघाड रक्तदाबानंही झाला असेल, गोळ्यांनीही. कशाचा वाटा किती, ते आता सांगता येणार नाही.

एकदा डायलिसिस सुरू असताना मी विचारलं, माझा राग येतो का. ती छताकडे बघत म्हणाली,

"राग काहून येईन गा, विनू? त्या गोळीनं मले चार वर्षं उभं ठेवलं. पण ती आतून काय करून राहिली, हे कोणी नीट सांगतलं असतं, तर मी पोळ्या लाटाले एक बाई ठेवली असती."

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

गोळी वाईट असते, असं मी आजही म्हणणार नाही. तिनं ताईला जिना चढवला, हेही खरंच आहे. आता मी काउंटरपुढे एक खुर्ची ठेवली आहे. दुखण्याची गोळी मागणाऱ्याला बसवतो आणि विचारत बसतो. कुणी वैतागून पुढच्या दुकानात जातं. त्यांचंही चुकत नाही, दुखतं त्यांना. परवा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या, कंबर धरून.

"भाऊ, एवढं काहून विचारून राहिले? मले उद्या ब्लाउज द्याचे आहेत."

रक्तदाब नव्हता, पोटाची तक्रार नव्हती, दुसरं औषध नव्हतं. मी तीन दिवसांच्या गोळ्या कापून दिल्या, जेवल्यावर घ्यायला सांगितलं, आणि तेवढ्यानं थांबलं नाही तर पुन्हा माझ्याकडे न येता डॉक्टरकडे का जायचं, ते सांगू लागलो. बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. मागे दोन गिऱ्हाइकं चुळबुळत होती. मी त्यांना थांबू दिलं.