मुरुडच्या वाळूतलं इंजिन

"लोक कोकणात मासे खायला जातात, तुम्ही गंज बघायला," बायको म्हणाली. खोटं नाही. युद्धातल्या विमानांची जुनी इंजिनं बघत हिंडायचा मला नाद आहे. मुरुडच्या किनाऱ्यावर तसं एक पडलंय असं कळलं आणि शनिवारी पहाटे पुणं सोडलं.

ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा. घाटात सावकाश जा. चहा-वडापाव बोर्ली पंचतनलाच उरकून घ्या. दिघीला गाडी फेरीबोटीत घातली की पलीकडे आगरदांडा, तिथून मुरुड जवळच.

इंजिन अर्धं वाळूत होतं. चौदा सिलिंडर, मधल्या दांड्याभोवती दोन रांगांत गोल मांडलेले. एके काळी हजारभर घोड्यांची ताकद. मी हरखलो. होड्या मात्र सगळ्या त्याच्यापासून लांब बांधलेल्या.

जवळच दाऊदचाचा नावाचे एक म्हातारे मच्छीमार जाळं सांधत बसले होते. "ह्ये दर्यात व्हतं तवा आमची जाळी याच्यातच अडकायची," ते म्हणाले. "चार वर्सांमागं माजा सलीम सोडवायला बुडी मारून गेला, तो आला न्हाय. गेल्या साली मोठ्या बोटीच्या जाळ्यात ह्ये वर आलं. तो न्हाय."

मघाच्या आनंदाची मला लाज वाटली.

"इमानातला मानूस पन तिथंच ऱ्हायला असंल ना?"

"असेल, चाचा. इंजिनावर नंबराची पाटी असते. नंबरावरून कधी कधी विमान कळतं, विमानावरून माणूस."

"मग बघा. माजा पोरगा त्याच्या शेजारी हाय. शेजाऱ्याचं नाव तरी कळू दे. जुम्म्याला दोघांसाठी दुवा मागीन."

पाटी शिंपल्यांच्या थराखाली सापडली. आमच्या छंदाचा पहिला नियम, आधी फोटो, मग ब्रश. मला दम निघाला नाही. तारेचा ब्रश दोनदा फिरवला, आकडे चमकलेसे वाटले, आणि तिसऱ्यांदा अख्खी पाटी पापडासारखी चुरून वाळूत पडली. एकही आकडा वाचला नव्हता.

"गावला नंबर?" चाचांची नजर अधू. चुरा त्यांना दिसला नाही.

"घरी जाऊन शोधतो," मी म्हणालो.

दुपारी खानावळीत साडेतीनशेची सुरमई थाळी घेतली. चांगली असावी. निम्मी ताटात ठेवून उठलो.

याला दोन महिने झाले. इथे फोटो टाकलेला नाही, टाकवत नाही. तुम्ही गेलात तर इंजिन बघा, हात लावू नका.

दर शुक्रवारी नमाजानंतर चाचांचा फोन येतो. "नाव मिळालं?"

"अजून नाही, चाचा." खरं सांगायची माझी छाती होत नाही.

"हरकत न्हाय. तवर मी नुस्तं 'सलीमचा शेजारी' म्हनतो."