दोन चुलींची दुर्गाकाकी

दुर्गाकाकी कुठल्याही बाळाला हात लावण्याआधी त्याची परवानगी घेत. पाय पसरून पाटावर बसायच्या, तळव्यांवर तेल चोळून ते आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या, आणि मग दुपट्यात गुंडाळलेल्या जिवाकडे वाकून विचारायच्या, "येऊ का भिया?" भिया म्हणजे इकडचं 'भय्या'; मुलगा असो की मुलगी, त्यांच्या लेखी सगळे भियाच. माझ्या मुलाला त्यांनी पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा तो किंचाळत होता आणि मी दाराशी घाबरून उभी होते. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, त्याला काय कळतंय? लावा तेल." काकी शांतपणे म्हणाल्या, "अंग त्याचं आहे. विचारायला नको?" आणि तो पुरता गप्प होईपर्यंत त्या हात वर धरून बसून राहिल्या.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी आमची गल्ली. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मराठी बोलणारी घरं चार-पाचच उरली होती, आणि त्यांतली पोरं आपसांत हिंदीच बोलत. माझं माहेर धारचं हे कळल्यावर काकींनी मला जवळच केलं, कारण त्यांचंही माहेर धारच. बोलणं मात्र सगळं मिसळलेलं. "सूनबाई, आज थंडी जास्त है, पोराला टोपी घाला" असं एका दमात दोन मुलखांतून जाणारं.

आमच्या समोरच्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या एका खोलीत त्या भाड्यानं राहत. सोबत त्यांची धाकटी जाऊ लता आणि लताची मुलगी पूनम. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही लवकर गेले. थोरला कारखान्यात होता, तो आजारानं गेला. धाकटा ट्रकवर होता, तो भोपाळ रोडवर गेला. काकींना मूलबाळ नव्हतं. पूनम तेव्हा रांगत होती. लता शिवणकाम करायची, काकी मालिशीला जायच्या, आणि पूनमला दोघींनी मिळून वाढवलं. लताला काकी 'धाकली' म्हणत. "आमची धाकली उपाशी झोपेल पण कुणाकडे मागणार नाही," हे त्या इतक्या अभिमानानं सांगत की जणू ती त्यांचीच लेक.

घरमालकाला त्या जागेवर दुकानं काढायची होती. दर दिवाळीला तो म्हणे, "काकी, अब देख लो कहीं." त्यामुळे सरकारी घरांच्या योजनेचे अर्ज निघाले तेव्हा गल्लीत सगळ्यांत आधी काकी ऑफिसात पोचल्या. तिथे कळलं की एका कुटुंबाला एकच अर्ज. आणि आमच्याकडे कुटुंब म्हणजे समग्र आयडी, सरकारी नोंदीतला कुटुंबाचा नंबर. त्यावर जितकी नावं तितकं कुटुंब. काकी, लता आणि पूनम तिघी एकाच आयडीवर होत्या.

युक्ती काकींनीच काढली. दोघींचे नवरे वेगळे, दोघी विधवा, तर कुटुंबंही दोन व्हायला हरकत काय? आयडी वेगळी केली, अर्ज दोन भरले. "एकीचं नाव आलं की दोघींचं घर," असं ठरलं. ते ठरताना मी तिथे होते. लतानं काकींच्या पायांना हात लावून म्हटलं होतं, "जाऊबाई, माझं आधी आलं तर पहिलं पाऊल तुमचं."

पण तपासणीला माणूस येणार होता आणि तो चुली मोजणार अशी बातमी होती. मग त्या पत्र्याच्या खोलीत मधोमध जुन्या साडीचा पडदा लागला. दुसरी शेगडी मी दिली, माळ्यावर पडून होती ती. तपासणीवाला आला त्या दिवशी पडद्याच्या एका अंगाला काकींची डाळ शिजत होती, दुसऱ्या अंगाला लताचे बटाटे. दोघींनी एकमेकींकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरलं होतं. त्या माणसानं काकींना विचारलं, "देवरानी से बोलचाल है?" काकींनी तोंड फिरवून सांगितलं, "नाम मत लो उसका." तो गेल्यावर पडदा वर बांधला गेला आणि तिघी एकाच परातीत डाळ-बटाटे कालवून जेवल्या. पूनमला हसू आवरत नव्हतं. काकीही हसत होत्या, पण मध्येच म्हणाल्या, "तोंडातून निघालं खरं, पण जिभेला बरं नाही वाटलं."

त्यानंतर वाट बघणं. वर्षं गेली. महिन्यातून एकदा काकी मालिशीची कामं आटोपून ऑफिसात जायच्या आणि यादी कुठवर आली ते विचारून यायच्या. मी चिडून काही बोलले की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "तेल मुरू द्या, सूनबाई. घाईघाईत चोळलं की अंग नुसतं तेलकट होतं." बाळाच्या अंगाबद्दल, जावयांच्या रुसव्याबद्दल, सरकारबद्दल, सगळ्याबद्दल त्यांचं एवढंच म्हणणं होतं.

लताचं नाव आधी आलं. बायपासच्या पलीकडे चार मजली इमारती उभ्या होत्या, तिथे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. लाभार्थ्यानं आपला हिस्सा भरायचा होता, त्यासाठी काकींनी पाटल्या मोडल्या. पेढेही गल्लीत काकींनीच वाटले. आपली पत्र्याची पेटी भरून, दोरीनं बांधून दाराशी ठेवली.

जायच्या आदल्या संध्याकाळी लता माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही जरा जाऊबाईंना समजवा." तिनं ऑफिसात लिहून दिलं होतं की घरात ती आणि मुलगी दोघीच राहतील. सुरुवातीला तपासणी होत राहते; तिसरं माणूस दिसलं तर घर रद्द होईल. तीन-चार महिने काढा, मग मी स्वतः न्यायला येते. मला ते पटण्यासारखं वाटलं. काकींनाही पटलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे धाकलीचं. आणि माझंही नाव लागलेलं आहेच की." पेटीची दोरी मात्र त्यांनी सोडली नाही. लागेल ते लुगडं त्या वरच्या फटीतून ओढून काढायच्या.

तीन-चार महिन्यांचं वर्ष झालं. लता आधी दर रविवारी यायची, मग सणावारी, मग फोन. काकींना त्या घराचं पहिलं पाऊल सोडाच, गृहप्रवेशाचा प्रसाददेखील डब्यात आला. तरी गल्लीत कुणी खोचकपणे विचारलं की त्या म्हणत, "तपासणी चालू आहे ना अजून." मला वाटतं, तोवर ते खरं असण्याची गरज त्यांना स्वतःलाच होती.

पूनमचं लग्न बदनावर गावातल्या मुलाशी ठरलं. घरचं दुकान, चांगली माणसं. हळद धर्मशाळेत होती, तिथे मी आणि काकी बरोबरच गेलो. मुलाच्या आईनं काकींकडे बघून सहज विचारलं, या कोण? लता ताटात हळद कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या जुन्या गल्लीतल्या आहेत. मालिश करतात." पूनमनं ते ऐकलं. ती आपल्या हातांवरच्या मेंदीकडे बघत राहिली. काकींनी पुढे होऊन पूनमला हळद लावली, इतर बायका लावत होत्या तशीच, आणि मागे येऊन माझ्याजवळ बसल्या. येताना ई-रिक्षात मी काही बोलणार तोच म्हणाल्या, "घराचं बाहेर फुटू नये म्हणून म्हणाली असेल. बदनावरचा कुणी ऑफिसात ओळखीचा असला तर?" मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बाहेर बघत होत्या.

पुढच्या वर्षी काकींचा नंबर लागला. ऑफिसातून फोन आला तेव्हा त्या आमच्याच ओट्यावर होत्या. मी शिकवते त्या शाळेतून सुट्टी घेऊन त्यांच्याबरोबर गेले. खिडकीतल्या तरुण बाबूनं आयडी टाकली, संगणकाच्या पडद्याकडे बघितलं आणि सौम्यपणे म्हणाला, "माताजी, आपका तो हो नहीं पाएगा. आप तो देवरानी के साथ रहती हैं, उनको मकान मिल चुका है."

काकींना वाटलं गफलत झाली. त्या सांगू लागल्या, आम्ही वेगळ्या आहोत, चूल वेगळी आहे, तुमचाच माणूस बघून गेला आहे. बाबूनं पुन्हा बघितलं. पूनमचं लग्न झाल्यावर तिचं नाव लताच्या आयडीवरून निघालं होतं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लतानं काकींचं नाव त्यावर चढवलं होतं. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक होतं, कारण असं करणारी ती एकटी नव्हती. रेशनवर माणशी धान्य मिळतं. एकट्या बाईच्या कार्डावर एकटीचं, दोघींच्या कार्डावर दोघींचं. काकींना मात्र रेशनच्या दुकानात 'यादीत नाव दिसत नाही, पुढच्या महिन्यात या' एवढंच ऐकवलं जात होतं.

"आपने ही अंगूठा लगाया होगा," तो म्हणाला. तेव्हा काकींना आठवलं. लता एकदा अचानक आली होती, पेन्शनीचं काम आहे म्हणून त्यांना सरकारी कागदपत्रांच्या कियोस्कवर घेऊन गेली होती, यंत्रावर बोट ठेवायला लावलं होतं आणि येताना कचोरी खाऊ घातली होती. "किती दिवसांनी आली होती," काकी मला म्हणाल्या. "मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं."

ऑफिसातून त्या घरी आल्याच नाहीत. म्हणाल्या, "बायपासला चला." त्या इमारतीचा जिना आम्ही दोघी पहिल्यांदाच चढत होतो. लतानं दार उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. तरी तिनं आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. काकी खुर्चीवर टेकल्या नाहीत. बाहेरची खोली बघितली, पडदा सारून स्वयंपाकघर बघितलं, मागची छोटी गॅलरी बघितली. मग विचारलं, "धाकले, ऑफिसात म्हणतात मी इथे राहते. कुठे झोपते गं मी?"

लता रडायला लागली. खूप काही बोलली. शिवणाची कामं कमी झाली, लग्नाचं देणं राहिलं, एकटीनं किती ओढायचं. तुमचा नंबर लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि पूनमच्या सासरी घर माझं एकटीचं म्हणून सांगून ठेवलं होतं. तिचं रडणं खोटं नव्हतं. काकी ते सगळं ऐकून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पोट भरत नव्हतं तर माझ्याकडे यायचं होतंस. मी कधी परात वेगळी केली होती?" मग म्हणाल्या, "उद्या येऊन माझं नाव काढ." चहा तसाच राहिला.

लता दुसऱ्या दिवशी खरोखर आली आणि नाव निघालं. पण तोवर काकींचा नंबर पुढच्या बाईला गेला होता. बाबू म्हणाला, नवीन अर्ज भरा, माताजी, पुन्हा शेवटून सुरुवात होईल. काकींनी अर्ज भरला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पेटीची दोरी सोडली आणि लुगडी काढून खुंटीवर टांगली. "तेल मुरू द्या" हे मी त्यांच्या तोंडून नंतर ऐकलं नाही.

वर्षभरानं पूनम बाळंतपणाला आईकडे आली. मुलगी झाली. लताला काकींकडे यायचं धाडस होईना. तिनं मला फोन केला, की दुसऱ्या कुणाच्या हाती बाळ द्यायला पूनम तयार नाही. निरोप सांगताना मला वाटलं, काकी माझ्यावरच उखडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "तेल कुठलं आणलंय?"

सव्वा महिना त्या रोज सकाळी जात होत्या. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालून परत. घरच्या बाळाचे पैसे काकींनी जन्मात घेतले नव्हते. माझ्या मुलाचेसुद्धा, धारची म्हणून, नको म्हणाल्या होत्या. लताच्या घरून मात्र त्यांनी बाजारभावानं पूर्ण मजुरी घेतली. आणि पूनम सांगते, त्या घरात त्यांनी घोटभर पाणीही घेतलं नाही. शेवटच्या दिवशी पूनमनं त्यांची ओटी भरली, साडी दिली. लता मागे उभी होती. ती म्हणाली, "जाऊबाई, आता तपासणी होत नाही. या ना राहायला. खरंच या." काकी चपला घालत होत्या. म्हणाल्या, "उशिरा का होईना, विचारलंस." आणि जिना उतरल्या.

यंदाच्या थंडीत त्यांच्या छातीत पाणी झालं. सरकारी दवाखान्यात मी आणि माझा नवरा आळीपाळीनं थांबत होतो. नर्सनं नातेवाइकाचं नाव विचारलं तेव्हा काकींनी माझ्याकडे बोट दाखवलं. लताला कळवू का, असं मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. आठव्या दिवशी त्या गेल्या. घरमालकानं खोली आठवड्यात पाडायला घेतली.

दहाव्याला लता आली. सगळं आटोपल्यावर, बायका पांगल्यावर, ती माझ्याजवळ येऊन बसली.  मग म्हणाली, "शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाल्या का? मनातून माफ केलं होतं ना?"

मी हो म्हणू शकले असते. तिथे असलेल्या कुणीही हो म्हटलं असतं, आणि लताला रात्री झोप लागली असती. पण मी दवाखान्यात त्यांना हेच विचारलं होतं, आणि काकींनी मला उत्तर दिलं होतं. मी लताला ते एकही शब्द न बदलता सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, "पूनमच्या लेकराला मी माझा राग लागू दिला नाही. पण धाकलीवरचा राग मी कुणाला देणार नाही. एवढं तरी माझ्या एकटीच्या नावावर राहू दे."